रोप उपटून ‘आई, बघ!’ म्हणणाऱ्या मुलाचं काय करायचं?

पत्र थोडक्यात असं: पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या एका आईचं हे पत्र आहे. घरात नवरा, सासूबाई आणि सव्वादोन वर्षांचा मुलगा. लग्नाआधीपासून त्यांना झाडांचा नाद. बाल्कनीत तीसेक कुंड्या आहेत. मुलाने मोबाइल सोडून मातीत खेळावं म्हणून गेले काही महिने त्या दर रविवारी सकाळी त्याला घेऊन ‘बागकामाचा तास’ करतात. होतं असं, की तो रुजलेली रोपं उपटून ‘आई, बघ!’ म्हणत आणून दाखवतो, माती तोंडात घालतो, झारीतलं सगळं पाणी एकाच कुंडीत ओततो. एकदा गढूळ पाणी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला. गेल्या आठवड्यात त्याने अडेनियम या शोभेच्या झाडाची कळ्यांनी भरलेली फांदी मोडली, तेव्हा त्यांचा हात उठला. तेव्हापासून त्यांना चैन नाही. नवरा म्हणतो, तो पाच वर्षांचा होईपर्यंत कुंड्या कुणाला तरी देऊन टाक. सासूबाई म्हणतात, बाल्कनीला कुलूप लाव. त्या विचारतात: बाग बंद करू की त्याला शिस्त लावू? आणि बाकीच्यांची मुलं रोपांना प्रेमाने पाणी घालतात, मग हाच असा का?

नमस्कार,

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात टाकली आहे: ‘(आधी बाग म्हणजे माझा एकटीचा वेळ असायचा.)’ पुढच्याच वाक्यात तुम्ही पुन्हा मुलाकडे वळता आणि ती गोष्ट तिथेच राहून जाते. तुमच्या अडचणीचं मूळ मला मुलाच्या मोडतोडीपेक्षा या कंसात जास्त दिसतं. तुमचा स्वतःचा म्हणून जो तास होता, त्याच तासात, त्याच कुंड्यांमध्ये तुम्ही मुलाचा विकास, मोबाइलपासून सुटका आणि निसर्गाची गोडी असं सगळं बसवायला गेलात. आता तुम्हाला बाग मिळेना आणि त्याला माती मिळेना.

हात उठला त्याबद्दल मी तुम्हाला वेगळं काही बोलणार नाही. तुमचं स्वतःला बोलून झालेलं दिसतंय. त्याला जवळ घेऊन ‘आईचं चुकलं, आईला राग आला होता’ एवढं सांगितलं नसेल तर आज सांगा, आणि तो विषय संपवा. त्या तासाची मांडणीच अशी होती की कुणाचा तरी संयम सुटणार होता.

‘बाग बंद करू की शिस्त लावू?’ असं विचारताना तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे: बाग एकच आहे आणि ती दोघांची आहे. ती दोघांची असायलाच हवी का? तुम्हाला रोप जगायला हवंय, कळी धरायला हवीय, फूल यायला हवंय. त्याला यातलं काहीच नकोय. ‘दोन महिन्यांनी फूल येईल’ या वाक्याला सव्वादोन वर्षांच्या मुलाच्या लेखी काही अर्थ नसतो. त्याला उद्या आणि परवा यातला फरकही अजून धड कळत नाही. त्याला आत्ता काय होतं ते बघायचंय. ओल्या मातीत बोट खुपसलं की खड्डा पडतो आणि बोट काढलं तरी खड्डा तिथेच राहतो. पाणी ओतलं की आधी तळं साचतं, मग बुडबुडे येतात, मग पाणी कुठेतरी जातं. कुठे जातं? म्हणून तो परत ओततो. रोप ओढलं की खालून पांढऱ्या दोऱ्यांसारखं काहीतरी येतं, हलवलं की त्याची माती गळते. एवढं मोठं गुपित हाताला लागल्यावर तो ते घेऊन तुमच्याकडे धावत येतो. ज्याला मोडतोडच करायची असते ते मूल मोडून फेकतं किंवा लपवतं. हा तुम्हाला दाखवायला आणतोय. तुम्हाला तिथे मेलेलं रोप दिसतं आणि त्याला मूळ दिसतं, एवढाच काय तो फरक.

आता तुमच्यासमोरचे पर्याय बघू.

सगळ्या कुंड्या देऊन टाकायचा तुमच्या नवऱ्याचा तोडगा मला पटत नाही. पाच वर्षांचा होईपर्यंत म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. ज्या बाईला तीस कुंड्यांची नावं, त्यांना कधी खत घातलं आणि कुठलीला माव्याची कीड पडली होती हे पाठ आहे (तुमचं पत्र वाचून तेवढं कळतं), तिने तीन वर्षं रिकाम्या बाल्कनीकडे बघत बसायचं आणि त्याचं कारण मूल आहे हे मनात धरायचं, हे त्या मुलासाठीही बरं नाही. पण तीसपैकी काही कुंड्या घराबाहेर जायलाच हव्यात. त्याचं पुढे सांगते.

सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. पाचव्या मजल्यावर, दोन वर्षांच्या मुलाच्या घरात बाल्कनीच्या दाराला वरच्या बाजूला, त्याचा हात पोचणार नाही अशी कडी हवीच. बाग असो वा नसो. त्याहून तातडीचं म्हणजे कठड्याला लागून ठेवलेल्या कुंड्या आजच्या आज हलवा. कठड्याशेजारची उलटी बादली, स्टूल, मोठी कुंडी ही त्याच्यासाठी पायरी असते. लोखंडी स्टँडही हलवून बघा. मूल धरून उभं राहिलं की जो स्टँड डुगडुगतो तो भिंतीला बांधा नाहीतर काढून टाका. कडी मात्र सुरक्षेसाठी असू द्या. ‘दंगा केलास ना, आता बाल्कनी बंद’ असं तिचं शस्त्र केलंत, की दार उघडेल तेव्हा तो आणखी तुटून पडेल.

आणि शिस्त. ‘हात लावायचा नाही’ हे त्याला समजतं, समजूनही हात जातो. या वयात स्वतःला आवरण्याची क्षमता नुकती कुठे घडायला लागलेली असते. तो मुद्दाम तुमची परीक्षा बघतोय असं नाही. तीस कुंड्यांपैकी कशाला हात लावायचा आणि कशाला नाही हे त्याने लक्षात ठेवावं ही अपेक्षाच जास्त आहे. ‘तिथे नको’ म्हणण्यापेक्षा ‘इथे खण’ म्हटलेलं त्याला पटकन जमतं. त्यासाठी ‘इथे’ म्हणायला एक जागा लागते, आणि ती तुमच्या बाल्कनीत आज नाही.

ती जागा करा. हार्डवेअरच्या दुकानात बांधकामावर वापरतात ते काळं, जाड प्लास्टिकचं घमेलं मिळतं. ते आणा. त्याला भोकं पाडू नका, म्हणजे पाणी खालच्या मजल्यावर जाणार नाही. निम्मं भरेल एवढी नर्सरीतली लाल माती आणि त्यात ओलं करून मोकळं केलेलं थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एवढंच घाला. शेणखत, गांडूळखत, नीमपेंड, हाडांचा चुरा यातलं काहीही नको, कारण ही माती तोंडात जाणार आहे असं धरूनच चालायचं. खाली जुन्या फ्लेक्सचा तुकडा अंथरा. हत्यारं म्हणून एक जुनं ओगराळं, एक लाकडी चमचा आणि पाण्यासाठी स्टीलचं फुलपात्र. मुलांच्या बागकामाचा जो रंगीबेरंगी ऑनलाइन सेट तुम्ही विचारलाय, तो घेऊ नका. त्यातल्या दाताळ्याचं टोक डोळ्याला लागू शकतं, आणि फावड्याची मूठ पहिल्या आठवड्यात निखळते.

झारी त्याच्या हातात देऊच नका. झारीत तीन-चार लिटर पाणी असतं. फुलपात्रात एका कुंडीला सोसेल एवढंच मावतं. ओतून झालं की पुन्हा भरून मागायला येईल, आणि या जा-ये करण्यातच त्याची निम्मी मजा आहे. तांदूळ किंवा डाळ धुतलेलं पाणी एका पातेल्यात काढून ठेवलंत तर टँकरच्या दिवसांतही जिवावर येणार नाही.

वेळ बदला. रविवारी दहा ते अकरा असा तास कशाला? रोज अंघोळीच्या आधी दहा-बारा मिनिटं. चिखल झाला तर तसाच उचलून न्हाणीघरात. या वयाची मुलं एका गोष्टीत त्याहून फार वेळ रमत नाहीत. पाचव्या मिनिटाला उठून गेला तर जाऊ द्या, ‘अरे, अजून मेथीला पाणी घालायचंय ना’ म्हणत मागे लागू नका. आणि त्या दहा मिनिटांत तुम्ही तुमच्या गुलाबाची छाटणी करायची नाही. शेजारी बसायचं. जमलं तर काही शिकवायचंही नाही.

उपटण्याचं काय? त्याला उपटू द्या. फक्त उपटायचीच पिकं त्याच्या वाट्याला द्या. मला विचाराल तर या सगळ्या उत्तरातलं हे सर्वांत कामाचं आहे. मेथी उपटूनच काढतात, मुळाही उपटूनच निघतो. शेंगदाणा तर उपटल्याशिवाय दिसतच नाही. ज्या कृतीसाठी तो आजवर ओरडा खातो तीच कृती इथे काढणी आहे.

मेथीपासून सुरुवात करा. स्वयंपाकघरातल्या डब्यातले मूठभर मेथीदाणे रात्रभर भिजवा, पसरट कुंडीत दाट पसरा, वर मातीचा पातळ थर. पेरायला तोच, म्हणजे सगळे दाणे एका कोपऱ्यात पडतील, पडू द्यात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी त्याला उचलून कुंडीजवळ न्या. मातीच्या खपल्या वर उचललेल्या दिसतात आणि फटीतून वाकलेल्या पांढऱ्या माना. काहींच्या डोक्यावर दाण्याचं तपकिरी टरफल टोपीसारखं अडकलेलं असतं. ते बोटाने काढायला मुलांना फार आवडतं आणि त्यात रोप दगावलं तरी बिघडत नाही, कारण शेजारी शंभर आहेत. आठ-दहा दिवसांत ती बोटभर होते. मग त्याला सांगा, ‘काढ आता.’ मुळं कापा, पानं नीट धुवा आणि चिरून त्याच्या वरणात किंवा थालिपिठात घाला. एकच कुंडी ठेवू नका. आठवड्याच्या अंतराने तीन कुंड्या पेरल्या तर उपटायला कायम काहीतरी असतं, आणि मग तुमच्या रोपांकडे हात जायचं बऱ्यापैकी कमी होतं. पावसाळ्यात या कुंड्या आतल्या बाजूला ठेवा. थेट झड लागली की मेथी कुजते.

आता पाऊस तोंडावर आहे, तर एका मोठ्या कुंडीत किंवा ग्रो बॅगमध्ये न भाजलेले, साल असलेले शेंगदाणे चार-पाच लावून ठेवा. पिवळी फुलं आली की त्यांतून आऱ्या, म्हणजे सुईसारखे देठ, मातीत शिरतात आणि खाली शेंग धरते. साडेतीन-चार महिन्यांनी, दिवाळीच्या आगेमागे, पानं पिवळी पडली की त्याला वेल ओढू द्या. तोवर तो अडीच वर्षांचा झालेला असेल. मधल्या काळात एखादी जाळी बांधून ही कुंडी त्याच्यापासून आणि कबुतरांपासून वाचवावी लागेल. (पुण्यात रोपं उपटण्याचा खरा मान कबुतरांचा आहे, तुमचं पोर त्यांच्यापुढे काहीच नाही.) एक जपा: शेंगदाणा, वाटाणा, हरभरा, वाल असल्या टपोऱ्या बिया या वयाच्या मुलाच्या हातात एकट्याने देऊ नका. घशात अडकतात, नाकात-कानात जातात, आणि नाकात गेलेली बी ओलीने फुगते. पेरताना तुम्ही समोर हव्यात आणि उरलेल्या बिया मोजून डब्यात.

झेंडू मात्र सासूबाईंच्या नावाने लावा. गेल्या दसऱ्याच्या तोरणातली वाळलेली फुलं कुठे खुंटीला राहिली असतील तर त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी काळ्या, बारीक काडीसारख्या बिया मिळतात. सगळ्या रुजत नाहीत, पण मूठभर टाकल्या तर काही नक्की येतात. जूनअखेर-जुलैत टाकलेला झेंडू दसऱ्यापर्यंत फुलावर येतो. फूल चुरडून मातीत टाकणं हे काम तो तुमच्यापेक्षा चांगलं करेल.

आता तुमच्या कुंड्यांकडे येऊ. यादी दिलीत ते बरं केलंत, कारण फांदी मोडल्याचं वाचून मला काळजी वाटली ती कळ्यांची नव्हती, चिकाची होती. अडेनियमचा चीक विषारी असतो, त्यातली द्रव्यं हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. आफ्रिकेत तो बाणांना लावत असत. मुलाचे हात लगेच धुतले असतील अशी आशा करते. हे झाड तीन वर्षांसाठी आईकडे, बहिणीकडे, कुठेही पाठवा. मोठ्या ठिपकेदार पानांचं डिफेनबॅकियाही पाठवा. त्याचं पान चावलं की सुईसारखे बारीक स्फटिक तोंडात टोचतात, जीभ-ओठ भाजल्यासारखे होतात आणि सुजतात. मनी प्लांट त्याच कुळातलं, आणि तुमचा तर काचेच्या बाटलीत, त्याच्या हाताच्या उंचीवर आहे. गंमत अशी की ज्या अळूच्या वड्या आपण करतो ते अळूही याच कुळातलं. कच्चं पान खाजतं म्हणूनच आपण त्याला चिंच लावून नीट शिजवतो. कठड्याखालची अळूची कुंडी उंचावर न्या किंवा त्याला घेऊन बाल्कनीत असाल तेव्हा आडोसा करा. युफोर्बियाचे काटे आणि चीक दोन्ही वाईट. गुलाब राहू द्या, उंचावर. काटा एकदा टोचला की तो स्वतःच लांब राहील, आणि तेवढं टोचलेलं चालतं.

तुळस, पुदिना, कढीपत्ता, पानओवा, जास्वंद यांचं पान त्याने चावलं तरी घाबरायचं कारण नाही, मात्र त्यावर फवारा मारलेला नसावा. तुम्ही मावा घालवायला वापरता ते औषध कुठे ठेवता हे लिहिलेलं नाही. पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलेलं असेल तर आत्ता उठून ते काढा. बाल्कनीतल्या सगळ्या विषारी झाडांपेक्षा ती बाटली जास्त धोक्याची आहे.

खाली सोसायटीच्या आवारात पिवळी कण्हेर असेल तर तिच्या हिरव्या फळांवर लक्ष ठेवा. आमच्या पिढीने त्या बिट्ट्यांनी खेळ खेळले, पण ती बी खाल्ली तर जिवावर बेतू शकतं. लाल-गुलाबी कण्हेरीची पानंसुद्धा तशीच. असं काही पोटात गेल्याची शंका आली तर तोंडातलं बोटाने काढून ओल्या फडक्याने पुसा, उलटी करवायच्या भानगडीत पडू नका, त्या झाडाची डहाळी सोबत घ्या आणि सरळ दवाखान्यात जा. गाडी मिळत नसेल तर 108.

माती खाण्याचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला तिथे थोडं थांबायचंय. माती चाखणं आणि माती खाणं यात फरक करा. नवी वस्तू तोंडात घालून बघणं या वयात सर्रास असतं, दोनानंतर ते हळूहळू कमी होतं. पण तो महिनाभराहून जास्त काळ रोज शोधून माती, भिंतीचा पोपडा, खडू असं खात असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. अशा खाण्यामागे लोहाची कमतरता असू शकते, आणि मग त्यावर ओरडून उपयोग नसतो. जंताच्या औषधाचंही विचारा. अंगणवाड्या आणि शाळांमधून 10 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना गोळी देतात. खासगी डॉक्टरांकडे जाणाऱ्या घरांत नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. मातीत खेळणाऱ्या मुलाचा दीड वर्षाचा बूस्टर झाला आहे ना, तेही कार्डावर बघून घ्या, धनुर्वाताची लस त्यातच असते. बाकी नखं बारीक ठेवायची आणि खेळ झाला की साबणाने हात धुवायचे. कबुतरांची वाळलेली विष्ठा बाल्कनीत असेल तर आधी पाण्याने भिजवून तुम्ही साफ करायची. कोरडी झाडायची नाही, आणि तो तिथे असताना तर नाहीच.

पाण्याच्या दोन गोष्टी. बादली भरून बाल्कनीत ठेवू नका. वीतभर पाण्यातही या वयाचं मूल डोक्यावर पडलं तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. आणि कुंड्यांखालच्या ताटल्या. डेंगीचे डास असल्याच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात, अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. 2024 च्या पावसाळ्यात एरंडवण्यापासून सुरू झालेली झिका तापाची धावपळ पुणेकर विसरले नसतील. तो पसरवणारा डासही हाच. आठवड्यातला एक कोरडा दिवस ठरवा आणि ताटल्या रिकाम्या करायचं काम त्याच्याकडे द्या. ओतायची एवढी हौस आहे तर ती इथे सत्कारणी लागेल. ताटली घासून कोरडी तुम्ही करा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात.

मोबाइलबद्दल मी तुमची थोडी निराशा करणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं, की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त स्क्रीन नको, कमी असेल तेवढं चांगलं, आणि दिवसभरात मिळून तीन तास तरी हालचाल हवी. घमेल्यातल्या दहा मिनिटांनी हे गणित सुटत नाही. तुमच्या पत्रावरून दिसतं, की मोबाइल जेवताना आणि संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकात असताना हातात जातो. मग प्रश्न त्या दोन वेळांचा आहे, आणि त्या वेळी घरात दुसरं कोण आहे याचा. बागेला मोबाइलशी लढायला लावलंत की तो बागेत नीट रमला नाही त्या प्रत्येक दिवशी तुम्हाला हरल्यासारखं वाटेल. बागेवर हे ओझं टाकू नका.

आणि ‘बाकीच्यांची मुलं’ तुम्ही कुठे पाहता? रीलमध्ये ना? त्या वीस सेकंदांत मूल पाणी घालतं हे खरं. एकविसाव्या सेकंदाला काय झालं ते कोण टाकतं!

तुमच्या घरात रोज बागकाम करणारं एक माणूस आहे, त्याचा उल्लेख तुम्ही फक्त कुलपापुरता केलात. सासूबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात असं तुम्ही लिहिलंय. नातवाच्या हातात फुलपात्र देऊन त्यांनी त्याला सोबत घ्यावं. आजीची चाल संथ, कृती रोजची तीच, हातवारे तेच. दोन वर्षांच्या मुलाला यापेक्षा सोयीचा गुरू मिळणार नाही. त्यांच्या तुळशीच्या मंजिऱ्या त्याने ओरबाडल्या तर ‘बघा, मी म्हटलं नव्हतं’ हे त्यांना एखाद्या वेळी म्हणू द्या. त्यांना कुलूप हवं होतं कारण त्यांच्याही तुळशीची त्यांना काळजी आहे. ती बोलून दाखवायला त्यांना दुसरी जागा नाही.

राहिला तुमचा तास. तो रविवारी सकाळी दहा ते अकरा असाच राहील, फक्त त्यात मुलगा नसेल. त्याच्या बाबांनी त्याला घेऊन तळजाई टेकडीवर जावं, किंवा वर्षातून काही वेळा एम्प्रेस गार्डनला. जुनी प्रचंड झाडं, मुंग्यांच्या रांगा, वाटेवरची माती, दगड. तिथे कुणाचं काही मोडत नाही. कुंड्या देऊन टाकायचा सल्ला देणाऱ्या माणसाला हा तास द्यायला जड जाऊ नये. हे तुम्ही त्यांना ‘मला मदत करा’ अशा शब्दांत सांगू नका, वेळ ठरवून सांगा. घमेल्याच्या दहा मिनिटांनंतरचा केर कोण काढणार हेही त्याच बैठकीत ठरवा. नाहीतर महिन्याभरात तो तुमच्याच अंगावर येईल आणि घमेलं माळ्यावर जाईल.

दारामागे बसून तो ‘आई, आई’ करेल म्हणून तुम्ही या तासाला नाही म्हणाल, असं मला वाटतं. पहिले दोन-तीन रविवार करेलही. पण चपला घालून बाबांबरोबर बाहेर पडायचं असतं हे एकदा कळलं की तोच दाराशी जाऊन उभा राहतो.

खालच्या काकूंकडे मात्र रविवारची वाट न बघता आजच जा, त्यांनी लिफ्टजवळ पाटी लावायच्या आत. ग्रुपवर उत्तर देऊ नका. कपडे त्या कधी वाळत घालतात ते विचारा आणि मोठ्या कुंड्यांना पाणी त्याआधी, पहाटे घालायचं कबूल करा. बाहेरच्या रांगेतल्या कुंड्यांखाली खोल ताटल्या ठेवा, तुमच्या बाल्कनीच्या नहाणीचं पाणी नीट पाइपातून जातंय की कडेने ओघळतंय ते प्लंबरकडून बघून घ्या. बऱ्याच सोसायट्यांत खरा घोटाळा तिथेच असतो आणि नाव पोराचं होतं.